'ब्लीड'चे बटण आणि नाकातले रक्त

२०१८ साली, गुरुवारी २० सप्टेंबरला, पहाटे मुंबईहून जयपूरला निघालेले जेट एअरवेजचे विमान थोड्याच वेळात माघारी वळले. विमानात १६६ प्रवासी आणि पाच कर्मचारी होते. केबिनमधला हवेचा दाब राखला गेला नव्हता, डोक्यावरचे प्राणवायूचे मास्क खाली लोंबत होते आणि सुमारे ३० प्रवाशांच्या नाकातून, काहींच्या कानांतूनही रक्त येत होते. बाकी अनेकांची डोकी ठणकत होती. विमान सुखरूप उतरले. मुंबईच्या नानावटी रुग्णालयात तपासलेल्या पाच जणांना दाबातील फरकामुळे कानाला इजा होऊन सौम्य बहिरेपणा आल्याचे निदान झाले आणि दहा दिवस विमानात बसू नका, असे सांगण्यात आले.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने दिलेले कारण एका ओळीचे आहे: विमान वर चढत असताना वैमानिक 'ब्लीड'चे बटण सुरू करायला विसरले. योगायोग असा की ब्लीड म्हणजे रक्तस्राव, त्यामुळे वाचणाऱ्याचा गोंधळ उडावा. पण इथे रक्ताचा संबंध नाही. जेट इंजिन बाहेरची विरळ हवा आत ओढून दाबते. त्या दाबलेल्या, गरम हवेतला थोडा भाग इंजिनातून काढून घ्यायचा, थंड करायचा आणि केबिनमध्ये सोडायचा, ही व्यवस्था म्हणजे ब्लीड. झाडाला खाच मारून चीक काढावा तशी ही इंजिनातून हवा काढलेली असते. बोइंग ७३७ मध्ये तिची बटणे वैमानिकांच्या डोक्यावरच्या पट्टीत असतात. ती बंद राहिली तर विमान उडते, चढते, वळते. सगळे काही करते. आत बसलेल्या माणसांना लागणारी हवा तेवढी येत नाही.

वैमानिकांना कामावरून दूर ठेवण्यात आले, विमान अपघात तपास विभागाची चौकशी सुरू झाली आणि तेव्हाचे नागरी विमान वाहतूक मंत्री सुरेश प्रभू यांनी सगळ्याच विमान कंपन्यांच्या सुरक्षा तपासणीचे आदेश दिले. दोष कुणाचा हे ठरवणे चौकशीचे काम. या घटनेत शरीराचे काय झाले आणि काय होऊ शकले असते, हा भाग मात्र चौकशीसाठी थांबलेला नाही. तो शरीरशास्त्राच्या पुस्तकात पूर्वीपासून आहे.

नाशिकहून पेठला सावळघाटातून येणाऱ्या एसटीत, आणि पेठहून पुढे धरमपूरकडे उतरताना तर नक्कीच, कानाला दडे बसतात. कुणी जांभई देतो, कुणी आवंढा गिळतो, 'टक्' असा आवाज होतो आणि कान मोकळे होतात. काहीशे मीटरच्या चढउताराने हे होते. विमानात होते ते हेच, फक्त त्याचे माप मोठे. कानाच्या पडद्यामागे हवेची एक लहानशी पोकळी असते. ती एका बारीक नळीने घशाला जोडलेली असते. बाहेरचा दाब कमी झाला की आतली हवा फुगते आणि नळीतून आपोआप बाहेर पडते. म्हणून चढताना कानाला फारसा त्रास होत नाही. उतरताना उलटे घडते. बाहेरचा दाब वाढतो, आत हवा यायला हवी, पण घशाकडचे नळीचे तोंड मऊ असल्याने दाबाखाली मिटते. पडदा आत ओढला जातो, आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, पाणी सुटते, कधी रक्त. पडदा फाटला तर ते कानाबाहेर येते. पोकळीत पाणी किंवा रक्त साचले की आवाज पुढे जात नाही आणि बहिरेपणा येतो. तो बहुतेक वेळा काही आठवड्यांत बरा होतो. नाकाच्या आजूबाजूच्या सायनसमध्येही हेच घडते. सर्दीने त्यांची तोंडे बुजली असतील तर अडकलेली हवा नाजूक त्वचेला सोलून काढते आणि नाकातून रक्त येते. भाद्रपदातल्या पावसाळी हवेत १६६ माणसांपैकी ३० जणांची नाके चोंदलेली असणे यात नवल काही नाही.

एरवी हे होत नाही याचे कारण केबिन हळू 'चढते'. विमान मिनिटाला दोन-तीन हजार फूट वर जात असले तरी आतला दाब असा बदलला जातो की प्रवाशांना मिनिटाला तीनशे ते पाचशे फूट चढल्यासारखे वाटावे. आणि विमान ३५ हजार फुटांवर, म्हणजे एव्हरेस्टच्याही वर गेले तरी केबिन सहा ते आठ हजार फुटांवर थांबते. कळसूबाईचे शिखर साधारण ५,४०० फूट आहे. म्हणजे प्रवासी जास्तीत जास्त कळसूबाईच्या दीडपट उंचीवर बसून चहा पीत असतात. ब्लीड बंद असले की हा सगळा सोहळा संपतो. विमानाच्या मागोमाग केबिनही धावत सुटते. नंतर वैमानिक विमान खाली आणतात, तेही घाईने. तेच करायचे असते, आणि कानांना सर्वांत जास्त मार बसतो तोही त्याच वेळी. जीव वाचवणारे पाऊल कान दुखवते, हा व्यवहार मान्य करावाच लागतो.

दूरचित्रवाणीवर दिवसभर रक्ताळलेले रुमाल दिसत राहिले. ते भयंकर दिसते, पण या प्रसंगातला खरा धोका ते रक्त नव्हते. प्राणवायू कमी पडण्यात रक्त येत नाही, वेदना होत नाही, बहुतेकदा दमही लागत नाही. म्हणूनच तो धोका मोठा आहे.

उंचावर हवेत प्राणवायू कमी असतो असे आपण सहज म्हणतो. प्रमाण म्हणाल तर ते सगळीकडे २१ टक्केच असते. कमी होतो तो दाब. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरइतका असतो, १८ हजार फुटांवर त्याच्या निम्मा आणि ३५ हजार फुटांवर जेमतेम १८०. फुफ्फुसातून रक्तात प्राणवायू ढकलतो तो हा दाब. वाफेचा आणि कर्बवायूचा वाटा वजा केला तर ३५ हजार फुटांवर फुफ्फुसातल्या प्राणवायूचा दाब शरीरातून परतणाऱ्या अशुद्ध रक्तातल्या दाबापेक्षाही खाली जातो. मग प्राणवायू फुफ्फुसातून रक्तात येण्याऐवजी रक्तातून फुफ्फुसात, आणि श्वासाबरोबर बाहेर जाऊ लागतो. प्रत्येक श्वास माणसाला थोडा अधिक रिकामा करतो. म्हणून श्वास रोखून दोन मिनिटे पाण्यात राहू शकणारा पोहणारा इथे अर्ध्या-एक मिनिटात निकामी होतो. निकामी, बेशुद्ध नव्हे. बेशुद्धी नंतर येते. विमानवैद्यकात मोजतात तो काळ 'माणूस काही उपयोगाचे करू शकेल' एवढा असतो. २५ हजार फुटांवर तीन ते पाच मिनिटे, ३५ हजारांवर ३० ते ६० सेकंद, ४० हजारांवर १५-२० सेकंद. दाब एकदम गेला तर त्याच्याही निम्मे. आणि हे आकडे स्वस्थ बसलेल्या निरोगी माणसाचे आहेत. उभा असलेला, चालणारा, ट्रॉली ढकलणारा माणूस प्राणवायू अधिक वापरतो, म्हणून लवकर पडतो. विमानात त्या क्षणी उभे कोण असते? केबिन क्रू.

दम का लागत नाही? कारण दम लागल्याची जाणीव मुख्यतः कर्बवायू साठल्याने होते, प्राणवायू घटल्याने तेवढी नाही. वर कर्बवायू नेहमीसारखा बाहेर पडत राहतो, त्यामुळे धोक्याची घंटा वाजत नाही. उलट अनेकांना छान वाटते. दारूचा पहिला पेला चढावा तसे: आत्मविश्वास वाढतो, हिशेब चुकतो, अक्षर बिघडते. वायुसेनेच्या बंगळुरूच्या विमानवैद्यक संस्थेत दाब कमी केलेल्या बंद खोलीत वैमानिकांना हे मुद्दाम अनुभवायला लावतात. आकडेमोड करायला दिली की थोड्या वेळाने कागदावर नुसत्या रेघोट्या उमटतात, आणि आपले बरोबर चालले आहे अशी त्या माणसाची खात्री असते.

मुंबईच्या प्रसंगात मास्क पडले याचा अर्थ केबिन साधारण १४ हजार फुटांच्या पातळीला पोचले होते. मास्क सुटतात ते त्याच सुमारास. त्या उंचीवर रक्तातले प्राणवायूचे प्रमाण ८५ टक्क्यांच्या खाली-वर येते. रुग्णालयात बोटाला लावलेल्या यंत्रावर हा आकडा दिसला तर परिचारिका कुणाला न विचारता प्राणवायू लावते. पण निरोगी प्रवासी त्यात काही मिनिटे तग धरतो. म्हणजे मुंबईच्या प्रवाशांना कानांवर निभावले, ते विमान अजून फार वर गेले नव्हते म्हणून.

निभावले नाही, असेही एक विमान आहे. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसमधील लार्नाकाहून अथेन्समार्गे प्रागला निघालेले हेलिओस एअरवेजचे बोइंग ७३७. आदल्या रात्री दुरुस्ती कर्मचाऱ्यांनी दाबयंत्रणा तपासताना तिचा खटका स्वयंचलितऐवजी हाताने चालवण्याच्या स्थितीत ठेवला आणि तो तसाच राहिला. वैमानिकांच्या एका नव्हे, तीन वेगवेगळ्या तपासण्यांत तो नजरेतून सुटला. चढताना धोक्याचा भोंगा वाजला. त्या जातीच्या विमानात उड्डाणापूर्वी काही चुकीचे असेल तर जो भोंगा वाजतो तोच केबिनचा दाब घसरल्यावरही वाजत असे. वैमानिकांना तो पहिल्या कारणाचा वाटला. कॅप्टन जमिनीवरच्या अभियंत्याशी थंड हवेच्या यंत्रणेबद्दल बोलत राहिला आणि त्याच वेळी त्याचा मेंदू विझत होता. मास्क घातलाच नाही. स्वयंचलित यंत्रणेने विमान ३४ हजार फुटांवर नेले, अथेन्सवर आणले आणि घिरट्या घालत ठेवले. ग्रीक वायुदलाच्या वैमानिकांनी जवळ जाऊन पाहिले तर सहवैमानिक पुढे कलंडलेला होता. शेवटी हातात फिरते सिलिंडर घेऊन एक केबिन कर्मचारी कॉकपिटमध्ये शिरताना दिसला. तो स्वतः विमान चालवायला शिकलेला होता, पण तोवर इंधन संपत आले होते. १२१ जण गेले. त्यानंतर ७३७ मध्ये दोन कारणांसाठी दोन वेगळे दिवे बसवण्यात आले.

दोन्ही घटनांत यंत्र मोडले नव्हते. वैमानिकांच्या हातात यादी असते. उड्डाणानंतर एक जण वाचतो आणि दुसरा पाहून उत्तर देतो: इंजिन ब्लीड? सुरू. ही यादी चार-पाच ओळींचीच असते आणि रोजच्या रोज म्हणून तोंडपाठ होते. तोंडपाठ झाली की डोळे बटणाकडे जायचे थांबतात. गणपतीत दहा दिवस आरत्या म्हणताना किती जणांचे शब्दांकडे लक्ष असते? शस्त्रक्रियागृहातही आता अशी यादी असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ती आणली ती विमानांकडे पाहूनच. आणि तिथेही रोगाचे मूळ हेच: खुणा भराभर केल्या जातात, सिलिंडरच्या काट्याकडे नजर जात नाही. वैमानिकांना निलंबित करून हा रोग बरा होत नाही. यादी वाचताना दुसऱ्याने खरोखर मान वर करून पाहिले का, हे विचारणारी चौकशी हवी.

केबिन क्रूचे काय? मास्क पडल्यावर कुणी मदतीला आले नाही, नीट सूचना मिळाल्या नाहीत, अशी तक्रार काही प्रवाशांनी माध्यमांकडे केली. घाबरलेल्या माणसाला असे वाटणारच. पण नियम काय सांगतो ते पाहायला हवे. दाब गेला की केबिन कर्मचाऱ्याने असेल तिथला, मिळेल तो पहिला मास्क स्वतःला लावायचा, जवळची खुर्ची पकडायची, पट्टा बांधायचा. खुर्ची नसेल तर प्रवाशांच्या मध्ये शिरून घट्ट धरून बसायचे. विमान दहा हजार फुटांच्या खाली येईपर्यंत उठायचे नाही. कारण मदतीला धावलेली कर्मचारी अर्ध्या मिनिटात मधल्या वाटेवर आडवी झाली, तर पुढच्या दीडशे माणसांना दार उघडून बाहेर काढणार कोण? विमान स्थिरावल्यावर फिरते सिलिंडर घेऊन फेरी मारायची, स्वच्छतागृहांत कुणी पडले आहे का पाहायचे, रक्त येणाऱ्याला पुढे वाकवून नाक दाबायला सांगायचे, गरोदर बाई, म्हातारी माणसे, तान्ही मुले आधी बघायची. तेव्हा पहिल्या मिनिटांतल्या गैरहजेरीचा राग धरता येणार नाही. नंतरच्या मिनिटांत कुणी फिरकले नसेल, तर तो मात्र धरावा.

वैमानिकांचे कामही असेच क्रमाने बांधलेले आहे. आधी मास्क. तो एका हाताने पाच सेकंदांत चढेल असाच बनवलेला असतो. मग एकमेकांशी बोलणे, मग दाबयंत्रणा पाहणे आणि जमले नाही तर खाली उतरणे. विमान नाक खाली करून घसरू लागते, तेव्हा प्रवाशांना पडल्यासारखे वाटते. ते पडणे नसते.

प्रवाशांच्या चित्रफितींत एक गोष्ट पुन्हा दिसली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या साउथवेस्टच्या विमानात इंजिनाचा तुकडा लागून खिडकी फुटली, एका महिलेचा जीव गेला, तेव्हाच्या छायाचित्रातही ती दिसली होती: मास्क फक्त तोंडावर, नाक उघडे. पिवळ्या वाटीचा आकार पाहून ती तोंडाची आहे असे वाटते खरे. पण नाक आणि तोंड दोन्ही झाकायचे असते. मास्क आपल्याकडे ओढला की वरच्या पेटीतली रासायनिक क्रिया सुरू होते. सिलिंडर नसतो, सोडियम क्लोरेट जळून प्राणवायू सुटतो. म्हणून नुसता लोंबता मास्क नाकाजवळ नेऊन उपयोग नाही, तो ओढावाच लागतो. थोडा जळका वास येईल, पिशवी फुगणार नाही, तरी प्राणवायू येत असतो. तो साधारण बारा मिनिटे पुरतो. कमी वाटेल, पण विमानाला दहा हजार फुटांवर यायला तेवढा वेळ लागत नाही. आणि मोबाइलवर चित्रण करणारा हात त्या वेळी दुसऱ्या कामाचा आहे.

'आधी स्वतःला, मग मुलाला' हे वाक्य ऐकून अनेक आया नाराज होतात. तिने आधी मुलाला लावायला घेतले, मूल घाबरून हिसके देऊ लागले, तेवढ्यात तिची तीस सेकंदे संपली, तर दोघेही मास्कविना राहतात. तिने आधी स्वतःला लावला तर मूल कदाचित काही क्षण मलूल होईल, पण नंतर प्राणवायू मिळताच ते सावरते.

जून २०१८ मध्ये ओझरहून दिल्लीला विमान सुरू झाले. पेठ, सुरगाणा, हरसूलकडची मुले शिक्षणाला, नोकरीला, खेळांच्या स्पर्धांना पहिल्यांदा विमानात बसू लागली आहेत. त्यांच्यासाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. ती मुंबई-पुण्याच्या प्रवाशांसाठी लिहिलेल्या सल्ल्यांत सहसा नसते. या पट्ट्यात सिकलसेल आहे. या आजारात प्राणवायू कमी झाला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, छातीत, पोटात असह्य कळा सुरू होतात. दाब नीट असलेल्या केबिनमध्येही रक्तातला प्राणवायू ९० ते ९४ टक्क्यांवर येतो. वाहकाला, म्हणजे ज्याच्या अहवालावर 'एएस' लिहिले आहे त्याला, एवढ्याने बहुधा काही होत नाही. पण केबिनचा दाब गेला तर वाहकालाही प्लीहेत रक्तपुरवठा तुटून डाव्या बरगडीखाली दुखू शकते. अशा प्रसंगातून उतरलेल्या वाहकाने हे दुखणे 'गॅस' म्हणून सोडू नये. 'एसएस' रुग्णाने आधी डॉक्टरांना विचारावे. कळांचा झटका येऊन दहा दिवस झालेले नसतील तर प्रवास पुढे ढकलावा, विमानात भरपूर पाणी प्यावे, गरम कपडे ठेवावेत आणि आपला अहवाल सामानाच्या पेटीत न टाकता खिशात ठेवावा. ज्यांनी सोल्युबिलिटी चाचणीच केलेली नाही त्यांना आपण कोण हेच माहीत नसते. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, मोफत होते.

रक्त फार कमी असलेल्यांचेही असेच. हिमोग्लोबिन साडेसातच्या खाली असेल तर तिकीट काढण्याआधी उपचार. छातीत हवा साठून फुफ्फुस मिटलेले असेल, डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत आत वायूचा फुगा सोडलेला असेल, पोटाची मोठी शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असेल, तर डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत विमानात बसू नये. अडकलेली हवा नेहमीच्या केबिनमध्येही तिसऱ्या हिश्श्याने फुगते. दाब गेला तर दुप्पट होऊ शकते, आणि डोळ्यातल्या बुबुळामागे तेवढी जागा नसते.

सर्दी, कानाचा ठणका किंवा तापाची कणकण असलेल्या लहान मुलाला घेऊन जाणे टाळता आले तर टाळावे. टाळता आले नाही तर विमान उतरायला लागले की त्याला झोपू देऊ नये, अंगावर पाजावे किंवा चोखायला काही द्यावे. गिळताना ती बारीक नळी उघडते. मोठ्यांनी नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच फुंकावे. जोराने नाही. जोराने फुंकून पडदा फाडून घेतलेले रुग्णही कानाच्या डॉक्टरांकडे येतात. नाकातून रक्त आले तर मान मागे टाकायची नाही, पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे दाबून धरायचा. कानातून आले तर कापूस, तेल, थेंब काहीही घालायचे नाही. कान कोरडा ठेवायचा, डोक्यावरून आंघोळ करायची नाही आणि पडदा भरल्याचे डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहून सांगेपर्यंत पुन्हा विमानात बसायचे नाही.